पालथा दगड

चिंचदरा, ता. केज
१७ फेब्रुवारी २००३

निवृत्तीदादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच फाडशील, असं दगडाबाई म्हणाली. फाड खुशाल, पण आधी वाच. तुझा पत्ता तिनंच दिला. यंदा तिची टोळी तुझ्या कारखान्यावर ऊस तोडायला होती. गेटवर गाड्यांचे नंबर लिहून घेणारा माणूस म्हणजे चिंचदऱ्याचा निवृत्ती, हे तिनं म्हणे तुझ्या चालण्यावरून ओळखलं. तू तिला चहा पाजलास आणि गावातल्या एकाही माणसाची चौकशी केली नाहीस. सोळा वर्षं झाली तरी तुझा राग आहे तिथंच आहे. तात्यांचाच मुलगा तू, मला नवल वाटलं नाही.

मी आता गावीच असते, हे तुला माहीत नसेल. शिरूर कासारला दिलेली तुझी बहीण परत आली. आठ हंगाम नवऱ्याबरोबर कोयता चालवला, नवव्या हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि ते गेले. पोरबाळ नव्हतं. आई गेली त्याच वर्षी मी माहेरी आले. बालवाडी चालवते आणि तात्यांच्या भाकरी थापते. माझं पुराण एवढंच.

तात्या बिघडलेत. अंगानं ठणठणीत आहेत, बिघाड डोक्यात आहे. गेल्या महिन्यात केजच्या बाजाराला गेले आणि दिवसभर स्टँडवर बसून राहिले, कारण कोणत्या गावाच्या जीपमध्ये बसायचं ते आठवेना. मला आईच्या नावानं हाक मारतात. जेवून हात धुतात आणि लगेच विचारतात, "आज भाकरी न्हाई व्हय?" शेजारपाजारचे हसतात. मीही आधी हसायचे.

खरं सांगायचं ते दगडांचं. तलाव कोरडा पडून दोन वर्षं झाली, पाणीपुरवठा संस्था नावापुरती उरली. तरी जानेवारीत तात्या तलावाच्या मोरीवर, पाणी सोडायच्या दारापाशी गेले आणि धोतराच्या ओच्यात दगड घेऊन आले. तेच अकरा दगड, अकरा शेतकऱ्यांचे, प्रत्येकावर ज्याची त्याची खूण. पाणी कुणाकडे चाललंय हे कळावं म्हणून ज्याची पाळी त्याचा दगड मोरीच्या चाकावर ठेवायचे, आणि पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याशिवाय, म्हणजे तात्यांशिवाय, त्याला कुणी हात लावायचा नाही. आता रोज सकाळी ते ओट्यावर ओळीनं मांडतात. मोरीपासून पाटाच्या शेपटापर्यंत, एकाचाही क्रम चुकत नाही. माझं नाव चुकतं, दगड चुकत नाही.

शेवटचा दगड आपला. तो पालथा घालतात. पाणी चोरणाऱ्याचा दगड एका हंगामापुरता पालथा घालून त्याची पाळी बंद करायची आपली चाल तुला सांगायला नको. तुझ्या नावानं पालथा घातलेला दगड तात्यांनी सोळा वर्षांत सुलटा केला नाही. चांगल्या पावसाच्या वर्षीही आपलं रान कोरडवाहूच ठेवलं. मी परवा हळूच सुलटा केला, तर माझं मनगट धरलं. "पालथाच ऱ्हाऊ दे," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांना बीडला दाखवते. तू एकदा येऊन जा. जुनं काही उकरायचं नाही. मी कुणाची बाजू घेऊन लिहीत नाही.

सिंधू

·

९ मार्च २००३

दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे, मी लिहिणार. तोंड बंद ठेवायचा मक्ता काही एकट्या तुझ्याकडे नाही.

बीडच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं. डोक्याचा आलेख काढायचा होता, त्यासाठी केस तेलकट चालत नाहीत, स्वच्छ धुऊन या म्हणाले. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. त्यातली अख्खी घागर मी तात्यांच्या डोक्यावर ओतली, तर गल्लीतल्या बायका आठवडाभर टोचून बोलत होत्या. "सिंधे, म्हाताऱ्याला नवरदेव करती का काय?" मी म्हटलं, करते, नवरी असली तर दाखवा.

तिथल्या बाईनं तात्यांना पलंगावर निजवलं, टेपनं डोकं मोजलं आणि पांढरा चिकट लेप लावून वीसेक वायरी डोक्याला चिकटवल्या. तात्या मुकाट पडून होते. मग तिला विचारतात, "बाई, थ्री फेज हाय का सिंगल?" ती हसायला लागली. तात्या मात्र गंभीर. "हसू नगा. मधीच लाईट गेली तर येखाद्याची पाळी बुडती."

यंत्रातल्या कागदावर सुया रेघा ओढत होत्या. डॉक्टरांनी मला त्या नंतर समजावून सांगितल्या. मेंदूत बारीकशी वीज असते म्हणे, सगळ्यांच्याच. जागा माणूस डोळे मिटून निवांत पडला की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला नऊ-दहा लाटा उठतात. तात्यांच्या पाच, फार तर सहा. पेंगणाऱ्या माणसाच्या असाव्यात तशा, आणि तात्या तर टक्क जागे होते. "मंदावलंय सगळं," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या यंत्रात डोकं सरकवून फोटो काढले. काळ्या फिल्मवर मेंदूचे काप. निरोगी मेंदूची फिल्म शेजारी लावली होती. ती भरलेली, आणि तात्यांच्या मेंदूला कडेनं सगळ्या भेगा. आपल्या तलावाच्या तळाला पडल्यात तशाच. कानशिलांच्या आतल्या अंगाला आठवणी धरून ठेवणारा भाग असतो, तो सगळ्यांत जास्त झिजलाय. मधोमध मोठा काळा डाग होता. तो कसला, म्हणून मी विचारलं.

"ते पाणी," डॉक्टर म्हणाले. "थोडं सगळ्यांच्याच मेंदूत असतं. मेंदू जसजसा आकसतो तसतशी रिकामी जागा पाणी भरून काढतं."

तात्या खुर्चीत बसले होते. एवढा वेळ लक्ष नव्हतं, पण हा शब्द बरोबर ऐकला. "पानी हाय? किती हाय? मग शेपटाकडं सोडा की. आपल्या बांधाशेजारच्या भिमाबाईचं रान कवापसून तहानलंय."

मला तिथंच रडू फुटलं. डॉक्टरांनी मला पाणी दिलं.

ह्याला औषध नाही. गोळ्या दिल्यात, त्यांनी थोडा आळा बसेल. नवीन आठवणी आधी जातात आणि जुन्या मागं राहतात, पण मग त्याही जातात. किती दिवसांत, ते विचारलं. डॉक्टर म्हणाले, "नेमकं सांगता येणार नाही. पण ह्यांना काही विचारायचं राहिलं असेल तर आत्ता विचारून घ्या. दिवाळीची वाट बघू नका."

मला काही विचारायचं राहिलेलं नाही. तुला असेल म्हणून कळवलं. गाय आणि दोन्ही बैल चारा छावणीत बांधलेत, तात्यांना बरोबर घेऊन मी रोज तिकडे जाते. तू ये.

सिंधू

·

२८ एप्रिल २००३

दादा,

तुझं कार्ड आलं. सोळा वर्षांनी दोन ओळी. "तलाव मी उघडला नाही, हे तात्यांनी चार माणसांत सांगावं. मग येतो."

पोस्टमन कार्ड वाचूनच देतो, त्यामुळे आता सगळ्या गावाला ठाऊक झालंय. पारावर पुन्हा तीच चर्चा. सत्त्याऐंशीचा दुष्काळ, तलावात पुरुषभर पाणी, ते प्यायला राखायचं असा संस्थेचा ठराव, मोरीला कुलूप. तात्या संस्थेच्या कामाला केजला गेलेले, किल्ली तुझ्याजवळ दिलेली. दुपारी बघता बघता तलाव वाहून गेला. मग उन्हाळाभर गावानं डबक्यातलं पाणी प्यायलं, हगवणीची साथ आली आणि सुंदरबाईचं तान्हं पोर आणि दोन म्हातारी माणसं गेली. किल्ली तुझ्याजवळ होती, दादा. लोकांनी काय समजायचं? आणि तात्यांनी काय समजायचं?

तरी तू म्हणतोस म्हणून मी तात्यांना विचारलं. नीट समोर बसून विचारलं. ते काही बोलत नाहीत. नुसते बघतात. त्यांच्या डोक्यात आता ते राहिलंच नसेल. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून म्हणते, अट घालू नकोस. मरणाच्या दारातल्या माणसाला कसल्या अटी घालतोस? त्यांचं खाणं कमी झालंय. सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. येऊन नुसता समोर बस. ओळखतील किंवा नाही ओळखणार. तुझ्या मनाला तरी समाधान.

छावणीत ऊन फार. तुझ्याकडे पाण्याची काय अवस्था आहे, तेही तू लिहिलं नाहीस.

सिंधू

·

१५ जून २००३

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मी तात्यांना विचारलंच नाही.

विचारायला समोर बसले होते, ते खरं. तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा त्यांना सगळं आठवत होतं, आदल्याच दिवशी आईच्या लग्नातल्या भांडणाची गोष्ट नावानिशी सांगितली होती. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मला तेच नको होतं.

तलाव मी उघडला, निवृत्तीदादा.

आता लिहिलंच आहे तर सगळं लिहिते. त्या आठवड्यात शिरूरचे पाहुणे मला बघायला येणार होते. आपल्याकडे पाहुणे आधी विहीर बघतात आणि मग पोरगी. आपल्या विहिरीचा तळ उघडा पडला होता, त्यात चिमण्या बसायच्या. आई सारखी म्हणायची, "काय तोंड दावायचं? कोरड्या घरची पोरगी कोन करतंय?" दोन स्थळं त्याच पायी परत गेली होती. तिसरं गेलं असतं तर तिनं जीवच दिला असता असं मला वाटायचं. एकोणीस वर्षांची होते. मलाही लग्न हवं होतं, उगाच आईवर ढकलत नाही.

तू बैलं धुवायला ओढ्याच्या डोहावर गेला होतास. किल्ली खुंटीला होती. माझा हिशेब साधा होता. अर्धा तास पाणी सोडायचं, ते पाटानं आपल्या विहिरीत उतरेल, हातभर पाणी दिसलं की मोरी बंद. कुणाला कळणारसुद्धा नाही. चाक फिरवलं, दोन्ही पाय कठड्याला लावून फिरवलं. पाणी सुटलं. विहिरीत पडायला लागलं, तो आवाज ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिथंच काठावर बसून राहिले. मग बंद करायला गेले तर चाक अर्ध्यावर अडलं. गाळातला धोंडा दाराच्या फळीखाली येऊन बसला होता. मी चाकाला लोंबकळले. तळहातांची सालटी निघाली. ओरडले असते तर चार माणसं धावून आली असती आणि पाणी वाचलं असतं. मी ओरडले नाही. कुलूप तसंच टाकून मळ्यातून घरी पळाले आणि भाकरी करायला बसले.

संध्याकाळी तात्या जेवायला बसले तेव्हा गावात बोंब झालेली होती. मी वाढत होते. भाकरी ताटात टाकताना त्यांनी माझे हात बघितले. मी म्हटलं, "जात्यानं फोड आल्यात." त्यांनी ताटावर हात आडवा धरला, बास म्हणाले, आणि उठले.

दुसऱ्या दिवशी शाळेपुढं सभा झाली. मी बायकांच्या मागं उभी होते. चेअरमन आप्पारावांनी विचारलं, "आश्रुबा, तुमी पाटकरी. कुणी उघडला सांगा." तू ताठ उभा होतास. तात्या तुझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्याच पोरानं. निवृत्तीनं." तू म्हणालास, "न्हाई तात्या. कावून खोटं बोलता?" ते म्हणाले, "मग किल्ली कुणाजवळ व्हती?" आणि सगळ्यांसमोर मोरीवर जाऊन आपला दगड पालथा घातला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. तू त्याच आठवड्यात टोळीबरोबर गेलास. चार दिवसांनी पाहुणे आले, त्यांनी विहिरीत डोकावून बघितलं आणि पोरगी पसंत आहे म्हणाले.

आईनं मरायच्या आधी मला सांगितलं. तात्या तिला म्हणाले होते, "पोरगा कुठंबी पोट भरील. पोरीचं नाव येकदा गेलं की गेलं." पोरगी वाचवायला त्यांनी पोरगा दिला, आणि वर गावानं त्यांचा मान केला. स्वतःच्या मुलाचं नाव घेणारा सत्यवचनी पाटकरी म्हणून पंचक्रोशीत लोक त्यांचे दाखले देत. ते ऐकताना तात्यांचा चेहरा कसा व्हायचा, ते मी बघितलंय. मला वाटतं, रान कोरडं ठेवलं ते त्यासाठी. दगड तुझ्या नावाचा नव्हता. त्यांच्या स्वतःच्या नावाचा होता.

मी मात्र करून सवरून नामानिराळी राहिले. सुंदरबाईच्या पोराला मातीत घातलं त्या दिवशी माझी हळद होती.

माफी मागायला मला तोंड नाही. पण आता मी तात्यांना विचारणार आहे, चार माणसांत विचारणार आहे. सप्टेंबरात सभा आहे. तोवर ते टिकावेत.

सिंधू

·

२९ सप्टेंबर २००३

दादा,

माझ्या जूनच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. मीही दिलं नसतं.

काल सभा झाली. संस्था गुंडाळायची म्हणून तालुक्याचा अधिकारी आला होता. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती, माणसं तीस-पस्तीस. आप्पाराव आता काठी टेकत येतात. मी तात्यांना धुतलेलं धोतर नेसवलं, फेटा बांधून दिला आणि दगडांची पिशवी बरोबर घेतली. दगड हातात असले की त्यांचं डोकं जरा ताळ्यावर असतं. गेले पंधरा दिवस रोज सकाळी मी त्यांच्यापुढं बसून बोलत होते. "तात्या, तलाव कुणी उघडला? सिंधूनं ना? तुम्ही तिचे हात बघितले ना?" ते माझ्या हातांकडे बघायचे आणि म्हणायचे, "लई राबती बाई तू. कुणाची हायेस?"

अधिकाऱ्याचं वाचन झाल्यावर मी उठून उभी राहिले. बाई सभेत उठलेली बघून माणसं चुळबुळली. मी म्हटलं, संस्था बंद होण्याआधी एका गोष्टीचा निकाल लागू द्या, माझ्या भावावरचा आळ उतरू द्या, तात्यांना सांगू द्या. आप्पाराव म्हणाले, "बोला आश्रुबा."

तात्यांनी आधी दगड मांडले. सगळे बघत होते. दहा मांडले, अकरावा हातात धरून ठेवला. मग त्यांनी मान वर केली, आणि दादा, क्षणभर त्यांचा चेहरा जुना झाला, पाटावरच्या भांडणात दोघांच्या मध्ये उभे राहायचे तेव्हाचा. खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्याच पोरानं उघडला. निवृत्तीनं. किल्ली त्याच्याजवळ व्हती." आणि दगड पालथा घातला.

सगळं गेलं, तेवढं वाक्य राहिलं. मी रात्रंदिवस विचार करते आहे की असं कसं. मला वाटतं, ते चारचौघांत बोलले होते, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं होतं, म्हणून त्याचं घट्ट झालं. खरं होतं ते त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलंच नाही. आईपाशी एकदा, तेही कुजबुजत. ते पहिल्यांदा झिजलं. डॉक्टर काय म्हणतील कोण जाणे, मला हे असंच दिसतं.

मग मीच ओरडले. "न्हाई! मी उघडला. माझ्या लग्नासाठी इहिरीत पाणी घ्यायला मी उघडला. तात्यांनी मला वाचवायला दादाचं नाव घेतलं." सगळं सांगितलं, धोंड्यासकट, हातांच्या सालटांसकट.

मला वाटलं आता कुणीतरी उठून माझ्या मुस्काटात देईल. मी त्याचीच वाट बघत होते. तर आप्पाराव हळू आवाजात अधिकाऱ्याला म्हणाले, "पोरगी येकटी पडली हो. बाप असा झालेला. भाऊ यावा म्हून बोलतीय." माना डोलल्या. आश्रुबा पाटकरी आयुष्यात खोटं बोलला नाही, आणि शेवटीही बोलणार नाही, असं कुणीतरी म्हणालं.

मी सुंदरबाईकडे गेले. तिचे पाय धरले. तुझं पोर माझ्यामुळं गेलं म्हटलं. तिनं मला उठवलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "बाई, भावाला आणायसाठी असला आळ घिऊ नगंस." मी म्हटलं, खरं बोलतेय गं. तेव्हा तिचा हात थांबला. "आन खरं आसंल तरी मला नगं सांगू. सोळा वर्सं निवृत्तीला शिव्या दिल्यात मी, रोज सकाळी उठून. आता ह्या वयात दुसरं माणूस कुठून आनू?"

अधिकाऱ्यानं कागदपत्रं गोळा केली आणि सभा संपली. मी तात्यांचा हात धरून घरी आले. वाटेत ते खुशीत होते. "आज सभा लई चांगली झाली," म्हणाले.

तुझी अट मी पुरी करू शकले नाही. एप्रिलमध्ये विचारलं असतं तर झाली असती. पाच महिने मी वाया घालवले, तेही जाणूनबुजून.

सिंधू

·

११ डिसेंबर २००३

दादा,

तुझं दुसरं कार्ड दिवाळीच्या पाडव्याला आलं. उंबऱ्यात बसून वाचलं, आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

"तुझे हात मी त्याच दिवशी पाहिले होते. म्हणूनच सभेत पुढं बोललो नाही. एवढ्या वर्षांत मला फक्त तात्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. आता राहू दे."

तू सगळं जाणून होतास. मला वाटत होतं मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवतेय, आणि तू ती माझ्यासाठी सांभाळत कारखान्याच्या गेटवर सोळा वर्षं उभा. दोघं पुरुष मला वाचवायला निघालात आणि एकमेकांशी बोलला नाहीत. एकानं तरी माझ्या थोबाडीत मारायची होती. ओरडून सांगायचं होतं, की हिनं केलं. मी रडले असते, लग्न मोडलं असतं, आणि आज तू घरात असतास. तुमच्या उपकाराचा मला राग येतो, दादा. लिहून टाकते, कारण आता मला काही लपवायचं नाही.

तात्यांना पुन्हा औरंगाबादला नेलं होतं. ह्या वेळी त्यांनी फेजचं विचारलं नाही. बाई म्हणाली, डोळे मिटा, तर मिटणं म्हणजे काय ते त्यांना कळेना. मी त्यांच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि तसाच धरून उभी राहिले, तेव्हा आलेख निघाला. लाटा आता सेकंदाला तीन-चार. फिल्मवर भेगा आणखी रुंद, आणि मधलं पाणी आणखी वाढलेलं. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरल्या आणि मला बराच वेळ बघू दिलं. ह्या वेळी त्यांनी काही विचारून घ्या असं म्हटलं नाही.

ते आता बोलत नाहीत. भरवलं तर खातात. चालतात, पण दारापर्यंत. दगड मात्र मांडतात, सवयीनं.

हे पत्र लिहायचं कारण ते दगडच. गेल्या सोमवारी सकाळी मी झाडून परत आले तर ओळ मांडून झाली होती. अकराही दगड सुलटे. आपलाही. खूण वर, ऊन पडलेलं.

मी धावत जाऊन त्यांच्यापुढं बसले. "तात्या, सुलटा केलात? माफ केलंत?" त्यांचे हात धरून हलवले. ते माझ्याकडे बघून हसले, पाहुण्या माणसाकडे बघून हसतो तसं. मग मी नीट बघितलं. क्रमही चुकला होता. शेपटाचा दगड मोरीजवळ, आप्पारावांचा मधेच. सोळा वर्षं कुणाला हलवू न दिलेला दगड त्यांनी जाणूनबुजून सुलटा केला नव्हता. पालथा का घालायचा ते विसरले होते. त्यांच्या डोक्यातून तूही गेलास, मीही गेले, तलावही गेला. त्यांची शिक्षा संपली, आणि त्यांना ते कळलंही नाही.

त्यांच्यासाठी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा बरंच वाटलं. रात्री मात्र जेवण गेलं नाही.

गावाला माझं खरं वाटत नाही. सुंदरबाईला ते नकोय. तात्यांकडे उरलं नाही. तुझ्याकडे आहे, पण तू लांब आहेस आणि राहू दे म्हणतोस. म्हणजे इथं चिंचदऱ्यात ती दुपार आता फक्त माझ्याजवळ आहे.

तेव्हापासून रोज सकाळी तात्यांची मांडामांड झाली की मी ओट्यावर जाते. दगड क्रमानं लावते, मला सगळे पाठ आहेत. आणि शेवटचा, आपला, माझ्या हातानं पालथा घालते. तात्या बघत बसतात. माझं मनगट धरत नाहीत.

ते असेपर्यंत ये किंवा ते गेल्यावर ये. ह्या घराच्या पायरीवर तुझ्या येण्याला आता कसलीच अट नाही. दगड ओट्यावर असेल. तू स्वतः येऊन सुलटा करशील तोवर मी तो रोज पालथा घालत राहीन.

सिंधू